मॅन्युअल अल्ट्रावाईड लेन्स: आधी अनंत शोधा, मग पुढे सरका

स्वस्तातली, हातानं फोकस करायची अल्ट्रावाईड (खूप रुंद दृश्य टिपणारी) लेन्स हौसेनं घेतली जाते आणि दोन ट्रेकनंतर कपाटात जाऊन पडते. माझ्या ओळखीतच असे चार-पाच जण आहेत. सगळ्यांची रड सारखीच. एक, फोटो शार्प येत नाहीत. दोन, फोटोत सगळंच लांब गेल्यासारखं, बारीक-बारीक दिसतं. पहिलीवरचा उपाय घरच्या गच्चीवर अर्ध्या तासात होतो आणि पुन्हा फारसा करावा लागत नाही. दुसरीसाठी पाय हलवावे लागतात. ही दोन्ही कामं नीट केलीत, तर हजारोंची बचत करून घेतलेली ही काच तुम्हाला अनेक वर्षं साथ देईल. म्हणून सगळं क्रमानं सांगतो.

हातात काय आहे

फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १४ मिमीची लेन्स आडव्या फ्रेममध्ये सुमारे १०४ अंश पाहते. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहा. दोन्ही बाजूंच्या भिंती फ्रेममध्ये येतील, इतकं रुंद. २४ मिमीची लेन्स तिथूनच जेमतेम ७४ अंश पाहते.

या वर्गात सगळ्यांना माहीत असलेली लेन्स म्हणजे दक्षिण कोरियाच्या सम्यांग कंपनीची १४ मिमी एफ/२.८ (एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्समधल्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). हीच लेन्स रोकिनॉन, बॉवर, वॉलिमेक्स अशा नावांनीही विकली गेली, त्यामुळे सेकंडहँड शोधताना ही नावंही टाकून पाहा. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, पुढे घुमटासारखी फुगलेली काच आणि पाकळ्यांचं कायमचं हूड. एपीएस-सी या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मात्र १४ मिमीची रुंदी २१-२२ मिमीइतकीच उरते. तुमचा कॅमेरा तसा मिररलेस असेल, तर १२ मिमी एफ/२ सारखी त्याच सेन्सरसाठी बनवलेली लेन्स घ्या. ती लहान असते, हलकी असते आणि पुढे फिल्टरही बसतो. माझी लेन्स १४ मिमीचीच, पण दुसऱ्या कंपनीची आणि सेकंडहँड आहे. खालचं सगळं या साऱ्यांना सारखंच लागू पडतं.

सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी एक चाचणी करा. विटांची किंवा फरशीची सपाट भिंत समोरासमोर धरून एफ/४ ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर चालेल. तीन बरे आणि एकच कोपरा विरघळल्यासारखा दिसला, तर आतली एखादी काच तिरकी बसलेली असण्याची शक्यता आहे. ती लेन्स सोडून द्या.

कॅमेऱ्याला समजावणं

यातल्या बऱ्याच लेन्समध्ये कॅमेऱ्याशी बोलणारी चिप नसते. कॅमेऱ्याला वाटतं, पुढे काही लावलेलंच नाही, आणि शटर दाबलं तरी तो गप्प बसतो. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. बॉडीमध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका कंप सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हातानं १४ भरा. चुकीचा आकडा राहिला तर कॅमेरा हिशेबापेक्षा जास्त हलून फोटो उलट बिघडवतो. काही निकॉन डीएसएलआरमध्ये बिनचिपच्या लेन्सची माहिती भरायला वेगळी जागा आहे, ती भरली की मीटर नीट चालतो. निकॉनसाठीची चिपवाली आवृत्ती असेल तर अॅपर्चरची रिंग एफ/२२ वर ठेवायची आणि अॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलायचं.

बाकीच्यांसाठी अॅपर्चर लेन्सवरच्या रिंगनं फिरतं. एफ/८ ला फिरवलं की पाती खरोखरच मिटतात आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर काळवंडतो. म्हणून क्रम असा: रिंग एफ/२.८ ला, फोकस करा, मग टिकटिक मोजत एफ/८ ला या. अॅपर्चर प्रायॉरिटी मोड बहुतेक कॅमेऱ्यांत चालतो, शटर कॅमेरा ठरवतो. फोटोच्या माहितीत मात्र अॅपर्चरचा आकडा येत नाही, तेव्हा शिकण्याच्या दिवसांत खिशात छोटी वही ठेवा.

अनंत शोधणं

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, त्यामुळे इथे घाई नको.

लेन्सवर आडव्या आठची खूण असते, ती अनंताची, म्हणजे खूप दूरवरच्या फोकसची. त्या खुणेवर रिंग आणली की दूरचं सगळं शार्प होईल, असा आपला समज असतो. मीही तसंच केलं होतं. साम्रदच्या माळावर, भंडारदऱ्याच्या पलीकडे, एका मे महिन्यात रात्रभर आकाशगंगेचे फोटो काढले. आडव्या आठवर रिंग, डोक्यात पूर्ण विश्वास. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. घरी येऊन लॅपटॉपवर उघडलं तर प्रत्येक तारा मुगाच्या दाण्याएवढा. एकही फोटो कामाचा निघाला नाही. आदल्या दिवशी गच्चीवर तपासून पाहिलं असतं तर ती रात्र हाती लागली असती. खूण आणि खरा अनंत यांत फरक असू शकतो, आणि रुंद लेन्समध्ये रिंगचा केसभर फरकही दूरच्या गोष्टींना पुरतो.

तर असं करा. दिवसा, ऊन फार तापायच्या आत, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून गच्चीवर जा. किमान अर्धा किलोमीटर लांबची, बारीक तपशील असलेली वस्तू निवडा: मोबाईलचा टॉवर, देवळाचा कळस, विजेच्या तारांचा खांब. अॅपर्चर एफ/२.८ ठेवा, कारण पाती मिटलेली असली की चूक लपते. लाइव्ह व्ह्यूमध्ये ती वस्तू मधोमध आणून जास्तीत जास्त मोठी करा. आता रिंग हळू फिरवा. टॉवरच्या सळया एकमेकींपासून सुट्या दिसायला लागतील, मग सगळ्यात तीक्ष्ण होतील, मग पुन्हा मिसळायला लागतील. मिसळायला लागल्या की परत या. पुढे-मागे करत तो बिंदू पकडा. फोकस पीकिंगवर (शार्प कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) विसंबू नका. इतक्या रुंद लेन्सला ते अर्ध्या जगावर रंग चढवतं.

बिंदू सापडला की फोटो काढा, रिंग अगदी कणभर हलवा, पुन्हा काढा. असे पाच-सहा. लॅपटॉपवर बघून सर्वांत चांगला निवडा आणि रिंग तिथे आणा. मग रंगकामवाले वापरतात त्या कागदी टेपचे दोन बारीक तुकडे कापा: एक फिरणाऱ्या रिंगवर, एक लेन्सच्या स्थिर भागावर, कडेला कड लावून. दोन्हींवरून बारीक टोकाच्या पेनानं एकच सरळ रेघ ओढा. ही तुमची अनंताची रेघ. अंधारात टॉर्चच्या मंद उजेडात दोन अर्ध्या रेघा जुळवल्या की झालं.

दुसरी रेघ १ मीटरची. टेपमापानं सेन्सरपासून १ मीटरवर वर्तमानपत्र टांगा आणि मथळ्यावर तसाच फोकस करून रेघ ओढा. अंतर सेन्सरपासून मोजायचं हे लक्षात ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माथ्यावर वर्तुळातून गेलेल्या रेघेची खूण असते, ती सेन्सरची जागा.

ही १ मीटरची रेघ कशासाठी? १४ मिमीच्या लेन्सवर एफ/८ ला १ मीटरवर फोकस ठेवलात, तर सुमारे ४५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. एफ/११ ला जवळची हद्द ४० सेंमीच्याही आत येते. एपीएस-सीवर १२ मिमी असेल तरी आकडे जवळजवळ हेच. म्हणजे दिवसाउजेडी तुम्हाला फोकस करायचाच नाही! रिंग रेघेवर, अॅपर्चर एफ/८, आणि दिवसभर हात लावायचा नाही. ऑटोफोकसवाला मित्र चौकट हलवत, बीप ऐकत असतो तोवर तुमचे दोन फोटो काढून झालेले असतात. मोठी प्रिंट काढायची असेल आणि दूरचे डोंगरच मुख्य असतील, तर रेघेच्या किंचित पुढे, अनंताच्या बाजूला सरका. आणि एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) सगळाच फोटो मऊ पडतो.

पुढे सरका

आता दुसरी रड. ही लेन्स "सगळं मावावं" म्हणून घेतली की फसगत होते. सह्याद्रीची अख्खी रांग तिच्यात मावते खरी, पण बोटभर उंचीची होऊन मावते. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. गावातून १४ मिमीनं काढलं तर शिखर टेकाडासारखं दिसेल. या लेन्सची ताकद जवळच्या वस्तूला मोठं करण्यात आहे. ६० सेंमीवरचा दगड ३० सेंमीवर घेतलात की दुपटीनं मोठा होतो आणि मागचा डोंगर होता तेवढाच राहतो. अर्ध्या पावलात फोटो बदलतो.

म्हणून माझी सवय अशी. दृश्य आवडलं की कॅमेरा काढण्याआधी खाली बघायचं. पायाशी काय आहे? पाण्यानं घासलेला कातळ, कारवीची वाळकी काडी, चिखलात उमटलेलं बैलाचं खूर, कुंडाची पायरी. त्यातलं एक निवडायचं, गुडघ्यावर बसायचं, कॅमेरा कमरेच्याही खाली न्यायचा आणि त्या वस्तूला फ्रेमचा खालचा तिसरा हिस्सा द्यायचा. सम्यांगची १४ मिमी २८ सेंमीपर्यंत फोकस करते, आणि ते अंतर सेन्सरपासूनचं असल्यानं काचेपुढे वीतभरही जागा उरत नाही. इतक्या जवळ गेलात की १ मीटरची रेघ सोडून त्या वस्तूवरच फोकस करा आणि दूरचं थोडं मऊ राहू द्या, किंवा दोन फोटो काढून घरी जोडा.

कासच्या पठारावर सप्टेंबरात तेरड्याच्या गालिच्यासमोर या लेन्सचा मोह आवरत नाही. तिथे मी कळकळीनं सांगतो: वाट सोडू नका. एका फोटोसाठी टेकवलेल्या गुडघ्याखाली सीतेच्या आसवांची वीस झाडं चिरडतात. वाटेच्या कडेला आलेलं एखादं फूल पुरतं. लेन्स इतकी रुंद आहे की मागचं सगळं पठार आपोआप येतं.

शटर दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा. ट्रायपॉडचा पाय, बॅगेचा पट्टा, संध्याकाळी स्वतःची लांब सावली. १०४ अंशांत हे सगळं शिरतं आणि त्या क्षणी दिसत नाही.

देऊळ, वाडा आणि सरळ रेघा

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर या अभ्यासासाठी उत्तम जागा. उंच जोत्यावर पंचायतन: मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं, समोर नंदीमंडप. जवळ उभं राहून कॅमेरा वर केलात की शिखर मागे कलंडतं आणि कोपऱ्यातली देवळं आत झुकतात. कॅमेऱ्याची नजर क्षितिजाला समांतर ठेवलीत, तर सगळे खांब उभेच राहतात. कॅमेऱ्यातली लेव्हल सुरू करा, आडवी आणि पुढे-मागे अशा दोन्ही रेघा हिरव्या होऊ द्या.

तसं केल्यावर क्षितिज फ्रेमच्या बरोबर मध्यावर येतं आणि खाली भरपूर जमीन उरते. त्या जमिनीत काहीतरी ठेवा: फरसबंदी, नंदीची सावली, पावसाच्या पाण्यातलं प्रतिबिंब. काहीच नसेल तर घरी खालचा भाग कापा. उभ्या फ्रेमनं काढून खालचा तुकडा कापला, की शिखरही मावतं आणि भिंतीही सरळ राहतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी काढा. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि असलीच पाहिजे. रुंद लेन्स हातात धरून १/१५ सेकंदालाही बऱ्यापैकी स्थिर राहते. खांबाला पाठ टेका, श्वास सोडा, आणि एकापाठोपाठ चार फोटो घ्या.

वाड्यात किंवा लग्नघरी माणसं असतील तर एकच नियम: कडेला कुणाचा चेहरा नको. कडेच्या माणसाचं डोकं अंड्यासारखं लांबतं, आणि ती आत्या असेल तर तो फोटो घरात कायम लक्षात राहतो. माणसं मधोमध, कडांना भिंती, कमानी, झोपाळ्याच्या कड्या.

फुगलेल्या काचेमुळे पुढे स्क्रूचा फिल्टर बसत नाही, याचं फार वाईट वाटून घेऊ नका. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावलाच तरी इतक्या रुंद आकाशात एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकट अशी विचित्र पट्टी उमटते. उजेड-अंधाराचा फरक मोठा असेल तर ट्रायपॉडवरून तीन एक्स्पोजर घ्या. सूर्य फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर तो डोंगराच्या धारेमागे किंवा पानामागे अर्धा दडवा आणि एफ/१६ वापरा. सहा पात्यांच्या लेन्समध्ये सहा टोकांचा तारा फुटतो.

रात्रीचं आकाश

स्वस्त रुंद लेन्सचं खरं चीज इथे होतं. एफ/२.८ आणि रुंद नजर, ताऱ्यांना आणखी फारसं काही लागत नाही. ऑटोफोकस तर अंधारात महागड्या लेन्सचाही चाचपडतो.

महाराष्ट्रातून आकाशगंगेचा गाभा पाहायचा तर मार्च ते मे हे महिने. मार्चमध्ये तो पहाटे तीननंतर आग्नेयेला चांगला वर येतो, मेच्या मध्याला रात्री अकरापासून दिसायला लागतो आणि अडीचच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असतो, क्षितिजापासून साधारण ४२ अंशांवर. जून ते सप्टेंबर ढगांचे. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात अंधार पडताच नैऋत्येला थोडा वेळ सापडतो. दिवस अमावास्येच्या चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे निवडा. गाभा शोधायला अॅप असतंच, पण आधी विंचू ओळखा. लालसर ज्येष्ठा, खाली वळत गेलेली शेपटी, शेवटी मूळ नक्षत्राची नांगी. नांगीच्या डावीकडे, धनू राशीकडे जो ढगासारखा दाट उजेड दिसतो, तोच गाभा.

जागेवर पोचल्यावर उजेड असतानाच ट्रायपॉड लावा आणि समोरचा दगड किंवा झाड ठरवून घ्या. अंधार झाला की:

१. अॅपर्चर एफ/२.८, रिंग अनंताच्या रेघेवर.
२. एखादा ठळक तारा मधे आणा. हिवाळ्यात व्याध किंवा अगस्त्य, उन्हाळ्यात स्वाती, चित्रा किंवा अभिजित. लाइव्ह व्ह्यू मोठा करून तारा सर्वांत बारीक टिंब होईपर्यंत रेघेच्या आसपास रिंग हलवा. रेघेनं तुम्हाला जवळ आणलेलं असतं, शेवटचा केस ताराच सांगतो.
३. रिंग आणि लेन्स यांवर टेपची आडवी पट्टी चिकटवा. चिकटवताना बोटानं रिंग सरकते, म्हणून चिकटवल्यावर तारा पुन्हा तपासा.
४. शटर २० सेकंद, आयएसओ ३२००, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. दोन सेकंदांचा टायमर.
५. पहिला फोटो पूर्ण मोठा करून मधला आणि कोपऱ्यातला तारा बघा. मगच पुढचे.

५०० भागिले फोकल लेंग्थ हा जुना हिशेब १४ मिमीला ३५ सेकंद देतो. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तितक्यात तारे रेघा होतात, म्हणून २० च्या आत राहा. एपीएस-सीवर १२ मिमीला १५ सेकंद बरे. कोपरे काळसर येतील, ते घरी उजळता येतात. ताऱ्यांची वर्तुळं हवी असतील तर उत्तरेला वळा. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८-२० अंशांवर असतो, त्यामुळे किल्ल्याचा बुरूज आणि ध्रुव एकाच फ्रेममध्ये सहज बसतात. मेअखेर-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या भागात काजवे असतात. तिथे हीच सेटिंग चालते, पण टॉर्च पूर्ण बंद आणि झाडापासून लांब.

हिवाळ्यात पहाटे दोननंतर फुगलेल्या काचेवर दव धरतं. पुसलंत तर ओघळ राहतात. हात गरम करायची पाकिटं मिळतात, ती लेन्सभोवती मोज्यात गुंडाळून ठेवा, टेपला धक्का न लावता.

घरी आल्यावर

सम्यांगच्या १४ मिमीत सरळ रेघ मिशीसारखी लाटेदार होते: मधे फुगते, कडेला उलट वळते. साध्या स्लायडरनं ती जात नाही, तयार लेन्स प्रोफाइल लागतं. चिप नसल्यानं सॉफ्टवेअर लेन्स ओळखत नाही, यादीतून हातानं निवडावी लागते. समुद्राच्या क्षितिजाला आणि इमारतींना प्रोफाइल लावाच. दगड, झाडं, आकाश यांना मी लावत नाही. कडा कापल्या जातात आणि फरक कुणाला दिसत नाही.

पुढच्या काचेला संरक्षण फक्त झाकणाचं, आणि ही झाकणं सैल असतात. दोरी लावून पट्ट्याला बांधा. कोकणात समुद्रावरून आलात की आधी हवेचा पंप मारा, मग मऊ कापड. मिठाचे कण तसेच घासले तर ओरखडे पडतात. पावसाळ्यात बुरशीची भीती असते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.

आणि कागदी टेप वर्षभर टिकत नाही, गोंद सुटतो. मेच्या उकाड्यात ओढलेली रेघ डिसेंबरच्या थंडीत किंचित सरकलेलीही असते. मी दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा जुने तुकडे काढून, समोरच्या टॉवरवर पुन्हा फोकस करून, नवी रेघ ओढतो.